आपल्या बनवलेल्या भाषेत उजेड, काळोख आणि खनिजांचे शब्द कसे घडवायचे? नवीन लोकांसाठी पायरी पायरीने

"तांबडं फुटलं" असं आपण किती सहज म्हणतो, पण त्या दोन शब्दांत काय काय बसलंय ते एकदा बघा. तांबं हा धातू, त्यावरून तांबडा हा रंग, आणि त्या रंगावरून पहाट. जमिनीतून खणून काढलेली वस्तू थेट आकाशात जाऊन उजेड होऊन बसली आणि बोलणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. स्वतःची भाषा बनवायला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी हेच उदाहरण देतो, कारण उजेड, अंधार आणि दगडधातू ह्यांच्या तीन वेगळ्या लिस्ट करायच्या नसतात, ते एकच जाळं आहे आणि एकत्र विणलं तरच भाषा कुणीतरी खरोखर बोललेली वाटते.

बहुतेक जण सुरुवात करतात ती अशी: एक शीट उघडायची, डाव्या कॉलममध्ये प्रकाश, अंधार, सावली, सोनं, चांदी, हिरा असे शब्द टाकायचे आणि उजव्या कॉलममध्ये कानाला बरे वाटतील असे आवाज भरत जायचे. मीही पहिल्या भाषेत हेच केलं, एका संध्याकाळी चाळीस शब्द झाले आणि महिन्याभरानंतर त्यातले पाचसुद्धा आठवेनात, कारण एकाचा दुसऱ्याशी काही संबंधच नव्हता. शिवाय ती नवीन भाषा नव्हतीच, मराठीलाच वेगळे कपडे घातले होते. म्हणून खालचा क्रम जरा वेळखाऊ वाटला तरी तसाच धरा.

पायरी १: आधी बोलणारे कुठे राहतात ते ठरवा

शब्दाच्या आधी डोळा. तुमच्या लोकांना उजेड कुठून दिसतो, दिवसातून किती वेळ, रात्री ते काय पेटवतात, जमिनीत काय खणतात, कोणत्या दगडाची त्यांना गरज पडते आणि कोणत्याची भीती वाटते, एवढ्या प्रश्नांची उत्तरं दहा ओळींत लिहून काढा. समुद्रावरच्या लोकांचा उजेड पाण्यावरून दोनदा येतो, दाट जंगलातल्यांचा तुकड्या तुकड्यांनी येतो, त्यांना "कवडसा" हाच मूळ शब्द असू शकतो आणि "प्रकाश" हा त्याच्यावरून काढलेला.

पूर्ण लेखात एकच उदाहरण घेतो म्हणजे समजायला सोपं. भाषेचं नाव ओस्ने. बोलणारे लोक अरुंद उंच दरीत राहतात, सूर्य उशिरा दिसतो आणि लवकर जातो, मीठ, तांबं आणि कोळसा खणतात, त्यामुळे आयुष्याचा मोठा भाग खाणीत. आवाज साधे: क, त, प, म, न, ल, र, स, श, व, ह आणि स्वर. महाप्राण, म्हणजे ख, थ, फ सारखे जोरात श्वास सोडून म्हणायचे आवाज, नाहीत.

पायरी २: सहा-सात मूळ शब्द, जास्त नको

इथे हात आखडता घ्या. बाकीचे शब्द ह्यांच्यातूनच उगवणार आहेत.

आधीच्या बनवलेल्या भाषांनी हे कसं सोडवलंय ते बघण्यासारखं आहे. एस्पेरांतो १८८७ साली आली, तिच्यात उलट अर्थाचा "माल" हा उपसर्ग आहे, म्हणून लूमा म्हणजे उजेडाचं आणि माल्लूमा म्हणजे अंधारं. शिकायला झटपट, पण ह्या भाषेत अंधार म्हणजे फक्त नसलेला उजेड. सोन्या लँग यांनी २००१ साली मांडलेली तोकी पोना साधारण १२० शब्दांवर चालते, तिथे सुनो हा एकच शब्द सूर्य आणि उजेड दोन्हीला, पिमेया हा काळं, गडद, सावली सगळ्याला, आणि किवेन म्हणजे कुठलीही टणक वस्तू, दगड असो की धातू. लोझबानमध्ये गुस्नी ह्या शब्दात तीन जागा असतात: उजेड, तो कशावर पडतो, आणि कुठून येतो. तिन्ही भाषांनी तीन वेगळे निर्णय घेतलेत आणि तिन्ही आपापल्या हेतूला बरोबर आहेत. तुम्हीही निर्णय घ्या, आपोआप होऊ देऊ नका.

ओस्नेसाठी माझे निर्णय असे:

केन = सूर्य, आग, दिवा यांच्यापासून सरळ येणारा उजेड, ज्याला ऊब आहे
लिर = वस्तूवरून परत येणारी चमक
हुम = आतून धुमसणारा उजेड, निखाऱ्याचा, तापलेल्या धातूचा
नुव = बंद जागेतला काळोख
सोव = उघड्यावरचा, रात्रीचा अंधार
एत = सावली
ता = दगड

बघा, "प्रकाश" असा एकच शब्द इथे नाहीये. चांदणं कुठे जाईल? लिरमध्ये, कारण त्याला ऊब नसते. ह्या लोकांना चंद्राचा उजेड उसना आहे हे माहीत असायची गरज नाही, त्यांच्या कातडीने ते ठरवलं. असे निर्णय झाले की भाषा तुमची व्हायला लागते.

पायरी ३: काळोखाला स्वतःचं घर द्या

माझ्या मते नवीन लोक सगळ्यात कमी वेळ इथे देतात आणि सगळ्यात जास्त द्यायला हवा तो इथेच. अंधार ही गोष्ट एकसारखी नसते. मिट्ट काळोख, अंधुक, संधिप्रकाश, कातरवेळ, तिन्हीसांजा, झुंजूमुंजू, हे सगळे आपल्याच तोंडातले शब्द आहेत आणि प्रत्येकात किती दिसतं हे वेगळं आहे.

खगोलवाले संध्याकाळचे तीन भाग करतात: सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंत एक, १२ अंशांपर्यंत दुसरा आणि १८ अंशांपर्यंत तिसरा, त्यानंतर खरी रात्र. तुमच्या लोकांकडे कोनमापक नसेल पण डोळे आहेत, त्यामुळे भाग पाडायचे ते कामावरून: दोरा सुईत ओवता येतो तोवरचा एक, माणसाचा चेहरा ओळखू येतो तोवरचा दुसरा, आकार दिसतो पण माणूस की झाड कळत नाही तो तिसरा.

डोळ्याचीही एक गंमत वापरता येते. उजेड कमी होत गेला की लाल रंग आधी काळपट पडतो आणि निळे-हिरवे त्यामानाने उजळ वाटतात. ह्याला पुर्किन्ये परिणाम म्हणतात, कारण मंद उजेडात डोळ्यातल्या वेगळ्या पेशी काम करायला लागतात आणि त्यांना लाल जवळपास दिसतच नाही. ओस्नेमध्ये मी लाल हा शब्द हुमवरून काढला, हुमि, आणि तेश म्हणजे मरणे, म्हणून संध्याकाळच्या त्या वेळेचं नाव हुमितेश, लाल मरतं ती वेळ. हे कुठल्याही शब्दकोशाच्या भाषांतरातून मिळणार नाही, बाहेर बसून एक लाल आणि एक निळी वस्तू समोर ठेवून अर्धा तास बघितलं की मिळतं. (खरंच बसा. डोळे अंधाराला पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि त्या वेळात काय काय बदलतं त्याच्या नोट्स ठेवा. "डोळे अंधाराला सरावणे" ह्यालाही खाणीतल्या लोकांकडे एक सुटसुटीत क्रियापद असणारच.)

पायरी ४: आवाज

थोडक्यात सांगतो. १९२९ साली भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीर यांनी लोकांना मिल आणि माल असे दोन बनावट शब्द देऊन विचारलं की मोठी वस्तू कुठली, तर बहुतेकांनी माल म्हटलं. "इ" सारखे स्वर छोटे, उजळ वाटतात आणि "आ-उ" कडचे मोठे, जड. माझ्या लिरमध्ये इ आणि नुवमध्ये उ आलाय तो त्यामुळेच. पण सगळे शब्द असे केले तर भाषा लहान मुलांच्या खेळण्यासारखी वाटते. फ्रेंचमध्ये रात्र म्हणजे न्वी, उजळ स्वराची, आणि दिवस म्हणजे झूर, जड. खऱ्या भाषा हा नियम वाटेल तिथे मोडतात, तुम्हीही तीनातला एक मोडा. मी हुम मोडलाय.

मराठीकडून एक गोष्ट मात्र जरूर उचला, ती म्हणजे शब्द दुहेरी करणं. लुकलुक, मिणमिण, लखलख, चमचम, झगमग. लुकलुक लांबची, थांबून थांबून; मिणमिण थकलेली; लखलख कडक. उजेड हलतो कसा हे सांगायला ह्याच्याइतकं सोपं हत्यार दुसरं नाही. ओस्नेमध्ये लिलिर म्हणजे पाण्यावरची थरथरती चमक.

पायरी ५: क्रियापद विसरू नका

नामांची लिस्ट झाली की लोक थांबतात आणि मग वाक्य करायला गेले की "अंधार आहे", "उजेड आहे" एवढंच म्हणता येतं. आपल्याकडे ऊन पडतं, अंधारही पडतो, तांबडं फुटतं, दिवस मावळतो, दिवा मालवतो. दिवा "विझला" म्हणायचं टाळून "शांत झाला" म्हणणारे लोक असतात, म्हणजे शब्दाला भीती पण चिकटते.

ओस्नेमध्ये अंधार पडत नाही, चढतो. दरीत सावली तळापासून वर सरकत जाते, माथा शेवटी बुडतो, त्यामुळे "सोव रा", अंधार चढला. आणि सपाट जमिनीवरही हे खोटं नाही, सूर्य बुडाल्यावर पूर्वेला जो राखाडी-निळा पट्टा वर वर सरकताना दिसतो ती पृथ्वीचीच सावली असते. नुव मात्र चढत नाही, तो "बसलेला" असतो, कारण खाणीतला काळोख कुठून येत नाही, तिथेच असतो. एका भाषेत दोन अंधारांना दोन क्रियापदं, आणि ऐकणाऱ्याला वाक्यावरूनच कळतं की बोलणारा आत आहे का बाहेर.

पायरी ६: खनिजं, ज्याने हात लावला त्याच्या नजरेतून

इथे रसायनशास्त्राची यादी घेऊन बसू नका. साध्या माणसाला खनिज ओळखू येतं ते चमक, रंग, ओरखडा, वजन, वास, चव आणि आगीत काय होतं ह्याच्यावरून. नावंही तशीच पडलीत. अभ्र म्हणजे ढग, त्यावरून अभ्रक. गंधक वासावरून. सैंधव सिंधूच्या मुलखावरून. हेमॅटाइट हे नाव ग्रीकमधल्या रक्तावरून, कारण तो दगड वरून काळपट पोलादी दिसला तरी खरबरीत पांढऱ्या फरशीवर घासला की लालसर रेघ उठते. पायराइट ग्रीकमधल्या आगीवरून, आपटला की ठिणग्या उडतात. आणि कोबाल्ट हे नाव कोबोल्डवरून, म्हणजे जर्मन खाणकामगारांच्या गोष्टीतलं त्रास देणारं भूत, कारण ते खनिज चांदीचं वाटायचं, भट्टीत घातलं की चांदी तर निघायची नाही आणि वर विषारी धूर. निकेलची कथाही तशीच, तांब्याचा वाटणारा दगड आणि तांबं नाही. फसवणाऱ्या दगडाला शिवीसारखं नाव देणं ही अगदी माणसाची सवय आहे, तुमच्या भाषेत असं निदान एक नाव हवंच.

कडकपणासाठी फ्रीडरिक मोस यांची १८१२ ची दहा पायऱ्यांची पट्टी प्रसिद्ध आहे, टाल्क १ वर, जिप्सम २, क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी ७, हिरा १०. पण दहा शब्द करायची गरज नाही. नख साधारण अडीचवर येतं, पोलादी सुरी साडेपाचच्या आसपास. म्हणजे तीन शब्द पुरतात: नखाने ओरखडा उठतो असा, सुरीने उठतो असा, आणि जो उलट सुरीलाच ओरखडा काढतो असा.

चमकेचे प्रकार मात्र भूशास्त्रातून बिनधास्त घ्या, ते लोक फार नेमकं बघतात: काचेसारखी, मोत्यासारखी, रेशमासारखी, तेलकट, धातूसारखी, हिऱ्यासारखी आणि मातकट म्हणजे चमकच नाही. लिरला सात वेगळे प्रत्यय लावले की झालं काम.

अजून एक, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं: विज्ञानाच्या सीमा आणि बोलीच्या सीमा जुळवत बसू नका. माणिक आणि नीलम हे खनिज म्हणून एकच, कुरुंद, एकात क्रोमियममुळे लाल रंग आणि दुसऱ्यात लोखंड आणि टायटॅनियममुळे निळा, पण कुठल्या भाषेने त्यांना एक शब्द दिला असता? उलट ब्रिटिश राजमुकुटातलं ब्लॅक प्रिन्सचं प्रसिद्ध "माणिक" हे माणिक नाहीच, स्पिनेल नावाचं वेगळंच खनिज आहे. लोक रंगावर जातात.

आता ओस्ने. दगडासाठी "ता" मागे लावायचा:

लिरता = चमक-दगड, अभ्रक
केनता = उजेड-दगड, आरपार दिसणारा मिठाचा खडा
नुवता = काळोख-दगड, कोळसा
हुमता = निखारा-दगड, हासुद्धा कोळसाच

शेवटचे दोन मुद्दाम ठेवलेत. खणणारा त्याला नुवता म्हणतो कारण त्याने तो काळोखातून काढला, भट्टीवाला हुमता म्हणतो कारण त्याने तो पेटलेला बघितला. वस्तू एक, शब्द दोन, आणि कोण काय म्हणतो त्यावरून माणसाचा धंदा कळतो. तसंच मॅलकाइट, हिरवा दगड, पण कोळशाबरोबर तापवला की लाल तांबं देतो. त्याला मी हुमेत म्हटलं, हुमि अधिक एत, लालची सावली.

पायरी ७: शब्द जुने करा

आत्तापर्यंतचे शब्द फार स्वच्छ आहेत, प्रत्येकाची फोड दिसतेय. खऱ्या भाषेत शिवण झिजते. हिरण्य आणि हरि ह्यांचं मूळ एकच, पिवळसर चमकणाऱ्या रंगाचं, पण सांगितल्याशिवाय कळतं का? म्हणून एक आवाजाचा नियम लावा. ओस्नेचा: दोन व्यंजनं जोडून आली की पहिलं गळतं आणि आधीचा स्वर लांबतो. लिरता झाला लीता, नुवता झाला नूता, हुमता झाला हूता, केनता झाला केता. आता बोलणाऱ्याला लीतामध्ये चमक ऐकू येत नाही, तो फक्त अभ्रक राहिला.

मग मजा येते. नियम जुना झाल्यावर काच आली, लोकांनी पुन्हा केन अधिक ता जोडून नवीन शब्द केला, केनता, आणि तो नवीन असल्यामुळे झिजला नाही. केता मिठाचा खडा, केनता काच. एकाच आईच्या दोन लेकी, वयात अंतर. असे एक-दोन जोड असले की भाषेला इतिहास आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

अर्थही सरकवा. संस्कृतमधला लोह हा शब्द आधी लालसर धातूचा होता, लोहित म्हणजे लाल ह्याच्या घरातला, पुढे तो लोखंडावर जाऊन बसला. उपल म्हणजे साधा दगड, तोच ओपल ह्या रत्नाच्या नावामागे असल्याचं मानतात. वैडूर्य हा एका रत्नाचा शब्द प्राकृतातून ग्रीकमध्ये बेरिलोस झाला आणि जर्मनमध्ये त्यातूनच चष्म्याला ब्रिले म्हणायला लागले, कारण सुरुवातीची भिंगं तसल्या पारदर्शक खड्यांची असायची. रत्न आणि धातू व्यापाराने फिरतात म्हणून ह्या विभागात दोन-चार शब्द शेजारच्या भाषेतून उसने घेतलेले हवेत, ओस्नेच्या आवाजात न बसणारे, थोडे वाकडे. ज्या दगडाची खाण दरीत नाही त्याचं नाव दरीतलं कसं असेल?

पायरी ८: रंग आणि ठसका

ब्रेंट बर्लिन आणि पॉल के या अभ्यासकांनी १९६९ मध्ये मांडलं की एखाद्या भाषेत रंगाचे दोनच मूळ शब्द असतील तर ते उजळ आणि गडद असे विभागले जातात, तिसरा आला तर लाल. ह्यावर पुढे बरेच वाद झाले, पण सुरुवातीला टेकू म्हणून चांगलं आहे. न्यू गिनीतल्या दानी लोकांच्या भाषेत असेच दोन शब्द नोंदवलेत, मिली गडद-थंड आणि मोला उजळ-उबदार.

लॅटिनकडून शिकण्यासारखं म्हणजे त्यांच्याकडे काळे दोन आणि पांढरे दोन: आतेर हा मंद काळा आणि निगेर चमकदार काळा, आल्बुस मंद पांढरा आणि कांदिदुस झळकणारा पांढरा. चमक असणं-नसणं हाच मुख्य फरक. खाणीत राहणाऱ्यांना हे अगदी शोभतं.

आणि ठसका देणारे शब्द! काळाभोर आणि काळाकुट्ट, रंग एकच पण केस काळेभोर असतात आणि कुट्ट म्हटलं की मन मागे सरतं. पांढराशुभ्र आणि पांढराफटक, फटक म्हणजे रक्त उतरलेला चेहरा. निळाशार, पिवळाधमक, हिरवागार, ह्या जोड्या अदलाबदल करून बघा, कानाला लगेच टोचतं. तुमच्या भाषेत चार रंगांना असे चार ठसके द्या आणि निदान एका रंगाला दोन, एक प्रेमाचा आणि एक नकोसा.

म्हणी, वाक्प्रचार शेवटी. "हरताळ फासणे" ह्यातला हरताळ हे पिवळं खनिज, पोथीत चुकलेली अक्षरं त्याच्या लेपाने झाकायचे, म्हणून केलेलं काम पुसून टाकणं असा अर्थ आला. वाक्प्रचार असाच बनवा, आधी खरी कृती शोधा मग तिचा अर्थ पसरू द्या. ओस्नेमध्ये "लीता सोलणे" म्हणजे एकेक थर काढत बसणं, अभ्रकाचे पापुद्रे निघतात तसं, आणि त्यावरून जुनं भांडण उकरणं.

पायरी ९: वाक्यात घालून बघा

शीट बंद करा आणि ही वाक्यं न बघता तुमच्या भाषेत म्हणायचा प्रयत्न करा:

दिवा गेला, थांब, डोळे सरावू दे.
हा दगड रात्री काळा दिसला होता, सकाळी हिरवा निघाला.
तिच्या हातावर अभ्रक चमकत होतं.
सोन्यासारखं दिसतंय पण घासून बघ.
ढगाआडून ऊन आलं आणि गेलं.
आत जाऊ नकोस, तिथे अजून काळोख बसलाय.

जिथे अडाल तिथेच नवीन शब्द लागतो, तेवढाच बनवा, आणि तो बनवताना आधी पायरी २ च्या सात मुळांकडे जा, त्यातून निघतोय का बघा. माझं शेवटचं वाक्य अडलं होतं "अजून" वर, कारण नुव तर कायमच बसलेला असतो, मग त्याला अजून कसं म्हणायचं? शेवटी असं ठरवलं की दिवा घेऊन कुणी आत गेलं तर नुव उठून बाजूला होतो आणि दिवा बाहेर आला की परत बसतो, त्यामुळे ओस्नेमध्ये खाणीच्या तोंडाशी उभं राहून विचारतात, "नुव उठला का?", म्हणजे आत कोणी आहे का.